बंडी घ्यावी की दमणी? मोठी पिकअप आणि देखणी कूपे यांच्यातली निवड

दसरा-दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची तोड सुरू होते, बागेचे सौदे होतात, आणि ज्या घरात दोन पैसे हाती येतात तिथे गाडीची गोष्ट निघते. मंडळाच्या बैठकीनंतर चहा घेताना हा विषय आता हमखास ऐकू येतो आणि त्यातले दोन पक्ष ठरलेले असतात. वडिलांच्या पिढीला पिकअप हवी असते: उंच, दणकट, पांदणीतून निघणारी, खताची पोती आणि संत्र्याचे कॅरेट वाहणारी. नागपूर-पुण्याला नोकरीत असलेल्या मुलांना हवी असते मागे उतरत्या छताची कूपे. वडील म्हणतात, ही शोभेची वस्तू वावरात काय कामाची? मुलगा म्हणतो, पिकअप घेऊन सासरी जाऊ का?

दोघांचेही बोलणे खोटे नाही. पण आम्ही पाहतो, चर्चा मायलेज, हप्ता आणि ऐट यांच्यातच फिरते. गाडीत कोण कुठे बसणार आणि कागदावर ती गाडी नेमकी काय आहे, हे विचारायचे राहून जाते. सौंसर-पांढुर्णा भागातल्या घरांना पुढे महाग पडू शकते ते हेच, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या आजोबांना हा प्रश्न पडत नसे, कारण त्यांच्याकडे दोन वेगळे शब्द होते. बंडी मालासाठी आणि दमणी माणसांसाठी. बंडीत शेणखत, पऱ्हाट्या, कापूस, संत्र्याचे ढीग. दमणी हलकी, तिला चपळ बैल जुंपायचे आणि लग्नाला, जत्रेला किंवा लेकीला माहेरी आणायला न्यायची. ज्याच्या घरी दमणी नव्हती तो बंडीतच तनस अंथरून वर सतरंजी टाकायचा आणि सारे घर बसवून निघायचा. मालाच्या गाडीत माणसे बसवण्याची आपली सवय तिथली आहे. तेव्हा तिने फारसे बिघडत नव्हते, कारण बंडी माणसाच्या चालीने चालायची. सवय तशीच राहिली आणि गाडीचा वेग मात्र ताशी साठ-सत्तर किलोमीटर झाला.

कूपे म्हणजे खरे तर विलायती दमणीच. शब्द फ्रेंच, अर्थ ‘कापलेला’. घोडागाडीतल्या समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एक कापून टाकले आणि दोघांपुरती आटोपशीर बंद गाडी केली, ती कूपे. रेल्वेच्या पहिल्या वर्गातल्या दोन बर्थच्या खोलीला आपण कूपे म्हणतो, तोही हाच शब्द. मोटारीत कूपे म्हणजे मूळची दोन दारांची, मागे नावापुरती जागा असलेली गाडी.

या दोहोंना एकत्र आणण्याचा प्रयत्नही जुना आहे. ऑस्ट्रेलियातल्या फोर्ड कंपनीकडे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एका शेतकरी बाईचे पत्र आले, अशी आठवण कंपनी सांगत आली आहे. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी त्या बाईंना हवी होती. कंपनीचे तरुण आरेखक लू बँट यांनी पुढून कूपे आणि मागून माल वाहायचा डाला अशी गाडी आखली. ती 1934 मध्ये बाजारात आली, नाव ‘कूपे युटिलिटी’. ऑस्ट्रेलियात आजही अशा गाडीला लाडाने ‘यूट’ म्हणतात. आपल्याकडे टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1988 मध्ये टाटामोबाइल ही पिकअप काढली आणि तिच्याच सांगाड्यावर 1991 मध्ये तीन दारांची सिएरा उभी केली. मागच्या खिडकीला वर वळवलेली काच असलेली ती सिएरा चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. त्याच टाटामोबाइलच्या घराण्यातली 207 मात्र आपल्या मंडीत वर्षानुवर्षे राबली. सांगाडा एक, पण एक बहीण दमणी झाली आणि दुसरी बंडी.

आज बाजारात काय आहे ते थोडक्यात पाहू. कामाच्या पिकअपमध्ये महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, अशोक लेलँडची दोस्त. त्याहून लहान टाटा एस, 2005 मध्ये आलेली, जिला सारा देश ‘छोटा हाथी’ म्हणतो. मोठ्या, ऐटदार, पाच जण बसतील अशा पिकअपमध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स. खऱ्या दोन दारांच्या कूपे मोठ्या विलायती कंपन्यांच्या, फार महाग, आणि त्यांची देखभाल नागपूरला. 2024 पासून मात्र कूपेसारखे उतरते छत घेऊन चार दारांच्या उंच गाड्या आल्या: टाटा कर्व्ह, सिट्रोएन बसॉल्ट, महिंद्राची विजेवरची बीई 6. घरात ‘कूपे घेऊ’ असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा मनात हीच गाडी असते.

कागद काय सांगतो

शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असल्या तरी मोटार वाहन कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. कार ही खाजगी गाडी, पांढरी पाटी. बोलेरो पिकअप किंवा योद्धा हे मालवाहू वाहन, पिवळी पाटी. हा फरक केवळ रंगाचा नाही.

कारची नोंदणी एकदा केली की 15 वर्षे निश्चिंती. मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागते: नवी गाडी असताना दोन वर्षांचे, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी. केंद्राने 2018 मध्ये ठरवलेल्या कमाल वेगमर्यादेत चारपदरी रस्त्यावर कारला ताशी 100 किलोमीटर, मालवाहू गाडीला 80. साध्या रस्त्यावर कारला 70, मालवाहूला 60. पिकअपमध्ये वेग 80 वर अडवणारे यंत्रही बसवलेले असते. नागपूर-बैतूल महामार्गावर आपली पिकअप जोर का धरत नाही असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. गाडी बिघडलेली नाही.

तिसऱ्या पक्षाच्या विम्याचे दर सरकार ठरवते. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी कारला वर्षाला 3,416 रुपये आणि 1500 सीसीच्या वरच्या कारला 7,897 रुपये होते. भाड्याने माल वाहणाऱ्या, एकूण 7,500 किलोपर्यंतच्या गाडीला 16,049 रुपये. हप्ता किती बसेल हे सगळे विचारतात, पण हा दरवर्षीचा आकडा शोरूममध्ये सहसा कोणी विचारत नाही.

परमिटची गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची, कारण आपण सीमेवर राहतो. माल भरल्यावर ज्या गाडीचे एकूण मंजूर वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नाही, तिला कायद्याच्या कलम 66 नुसार परमिट लागत नाही. त्याच्या वर गेले की लागते. बोलेरो पिकअपच्याच काही प्रकारांचे एकूण वजन या रेषेच्या खाली आहे आणि काहींचे वर. समोरून गाडी तीच दिसते, पण संत्रा घेऊन कळमन्याच्या बाजारात जायचे तर एकीला नॅशनल परमिट हवे आणि दुसरीला नको. म्हणून बुकिंगच्या आधी मॉडेलचे नाव विचारून थांबू नये, ‘ग्रॉस व्हेइकल वेट’चा आकडा लेखी मागावा. मध्य प्रदेशाने जुलै 2024 पासून परिवहनाचे जुने नाके बंद केले, त्यामुळे आता कोणी विचारत नाही असा समज पसरला आहे. नाका गेला, परमिटची अट गेलेली नाही. अपघात झाला की विमा कंपनी सर्वात आधी परमिट मागते, आणि परमिट नसणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले आहे.

एका बाबतीत मात्र सुटका झाली. कारचे लायसन असलेल्याने पिकअप चालवली तर चालते का, हा वाद अनेक वर्षे कोर्टात होता. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो. तेव्हा घरात कारचे लायसन असलेल्या मुलीने किंवा सुनेने पिकअप मंडीत नेली तर कागदाची अडचण नाही.

डाल्यात बसलेली माणसे

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती.

साक्षगंध असो, तेरवी असो, जामसावळीचा शनिवार असो की महाशिवरात्रीला चौरागडची यात्रा, आपल्या भागात पिकअपच्या डाल्यात पंधरा-वीस माणसे बसलेली दिसतात. तोडीच्या, निंदणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी बायामजूर तसेच वावरात जातात. घरी पिकअप घ्यायची यामागे अनेकदा हाही हिशेब असतो: एकाच फेरीत सगळे जातील. कोणी वाईट हेतूने करत नाही. शेजारच्या घरी दुःख झाले, गाडी दारात उभी आहे, तर नाही कसे म्हणायचे?

पण मालवाहू गाडीच्या विम्यात डाल्यात बसलेल्या माणसाला जागा नाही. 1994 च्या दुरुस्तीने कायद्यात मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण मिळाले. कामावर असलेल्या नोकरांसाठीही मर्यादित तरतूद आहे. सहज म्हणून बसलेला पाहुणा, वऱ्हाडी, यात्रेकरू यांत कुठेच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात हे स्पष्ट केले: मालगाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. 2007 च्या आणखी एका निकालात न्यायालयाने सांगितले की मालाचा मालकसुद्धा केबिनमध्ये बसलेला असेल तरच तो ‘मालाचा मालक’. पोत्यांवर बसला तर नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. विम्याचा हप्ता वेळेवर भरला आहे, लायसन आहे, फिटनेस आहे, चालक दारू प्यायलेला नाही. तरीही डाल्यातला माणूस गेला तर त्याच्या घरच्यांची भरपाई शेवटी गाडीमालकाकडे येते. कधी कधी न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला लावते, पण ते मालकाकडून वसूल करण्याचा अधिकारही देते. ही रक्कम लाखांत जाते आणि ती बागेतून, वावरातून किंवा घरातून निघते. जादा माणसे बसवल्याचा दंड केंद्राच्या कायद्यात माणशी 200 रुपये आहे. दंड एवढा लहान म्हणून चूकही लहान असेल, असे लोकांना वाटते.

ज्यांची भरपाई निघायची ती बहुतेक आपलीच माणसे असतात, हे तर वेगळेच.

फेब्रुवारी 2024 च्या शेवटी आपल्याच राज्यात डिंडोरी जिल्ह्यात एका घरगुती कार्यक्रमाहून परतणाऱ्या लोकांची पिकअप घाटात उलटली आणि 14 माणसे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात छत्तीसगडच्या कवर्धा भागात तेंदूपत्ता वेचून परतणाऱ्या बैगा समाजाच्या मजुरांची पिकअप दरीत कोसळली. तिथे 19 जण गेले, बहुतेक बाया. दोन्ही ठिकाणी रस्ता घाटाचा होता आणि गाडी माणसांनी भरलेली मालगाडी होती.

असे का होते, तेही समजण्यासारखे आहे. पिकअपच्या मागच्या चाकांवर पाट्यांची कडक स्प्रिंग असते, टनभर माल गृहीत धरून बनवलेली. पोती किंवा कॅरेट डाल्याच्या तळाशी बसतात आणि बांधले की हलत नाहीत. माणसे उभी असतात किंवा कडेच्या फळीवर बसलेली असतात, म्हणजे वजन दीड-दोन फूट वर जाते. वळणावर सगळी एकाच बाजूला झुकतात, म्हणजे वजन नेमके नको त्या क्षणी सरकते. गाडीचा तोल जातो तो इथे. पट्टा नाही, छत नाही, त्यामुळे गाडी उलटली की माणसे बाहेर फेकली जातात किंवा खाली सापडतात. सिलेवानीच्या घाटाने जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

रिकामी पिकअपही घाटात साधी नाही. इंजिनाचे वजन पुढे, जोर मागच्या चाकांवर, आणि मागे वजनच नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-माती ओली झाली की मागची चाके घसरतात. गावातले जुने चालक डाल्यात दोन-चार पोती रेती टाकून निघतात, त्यात शहाणपण आहे.

सुरक्षेच्या ताऱ्यांचेही असेच. ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेली भारत एनकॅप चाचणी प्रवासी गाड्यांसाठी आहे, मालवाहू पिकअप तिच्यात येत नाही. टाटा कर्व्ह आणि बीई 6 यांना तिथे पाच तारे मिळाले, बसॉल्टला चार. कामाच्या पिकअपला तारे नाहीत, कारण ती परीक्षेला बसलेलीच नाही. कंपनीने वाईट बनवली असा त्याचा अर्थ नाही. ती मालासाठी बनवली आहे, एवढाच अर्थ.

मजुरांसाठी मग काय करायचे? तूफान किंवा क्रूझर भाड्याने घेणे महाग वाटते, पण तोडीच्या दिवसांत दोन-तीन शेजारी कास्तकारांनी मिळून एक गाडी ठरवली तर खर्च वाटला जातो. आपल्या काही गावांत हे सुरूही झाले आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीबद्दल वेगळे लिहीत नाही. ती तर पिकअपहूनही वाईट, तिला स्वतःचे इंजिन नाही आणि बहुतेकींना धड ब्रेकही नसतो.

मोठी, ऐटदार पिकअप

इथे वडील म्हणतील, म्हणूनच पाच सीटची मोठी पिकअप घेऊ. माणसे आत, माल मागे. ऑस्ट्रेलियातल्या त्या बाईंचे उत्तर हेच होते आणि ते चुकीचे नाही. पण दोन-तीन गोष्टी मोजून घ्याव्या लागतात.

एक, लांबी. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब आहेत. कर्व्ह साधारण 4.3 मीटर. गावातल्या जुन्या वस्तीतल्या गल्लीत, आठवडी बाजाराच्या दिवशी, वळताना हा मीटरभराचा फरक घाम काढतो. गाडी दारात मावेल का, हे टेप घेऊन मोजावे. दोन, वजन. गाडी मोठी म्हणून माल जास्त, असे नसते. बोलेरो पिकअपच्या नावातच 1.3 किंवा 1.7 टन लिहिलेले असते आणि योद्धाचा एक प्रकार दोन टनांचा आहे. पाच सीटच्या ऐटदार पिकअपमध्ये एवढा माल मंजूर नसतो. कागदावरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा, त्यातून बसणाऱ्या माणसांचे वजन वजा करा, उरले ते मालाचे. हा आकडा काढला की अनेकांचा उत्साह निम्मा होतो. तीन, नोंदणी खाजगी होणार की मालवाहू, हे मॉडेल आणि राज्य यांप्रमाणे बदलते. मुलाच्या मित्राने महाराष्ट्रात पांढऱ्या पाटीवर घेतली म्हणून आपल्याकडे तसेच होईल असे धरून चालू नये. आरटीओत विचारून आणि विक्रेत्याकडून लेखी घेऊनच बुकिंगचे पैसे द्यावेत.

ही गाडी कोणाला शोभते? ज्यांचे वावर खरोखर अवघड पांदणीत आहे, पावसाळ्यात काळ्या मातीत फोर-व्हील लागतेच, आणि माल चार-दोन पोत्यांच्या वर जात नाही, त्यांना. अशी घरे आपल्याकडे आहेत, पण थोडी.

कूपेची बाजू

कूपेवर आमचा राग नाही. ज्या घरात नोकरी आहे, दुकान आहे, बोरगावच्या कारखान्यात जाणे-येणे आहे आणि वावर बटईने दिलेले आहे, त्या घराला पिकअपचे काय काम? सौंसर ते नागपूर सावनेरमार्गे जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आत होते, रस्ता चांगला आहे, आणि दवाखाना, कॉलेज, लग्नाची खरेदी सगळे त्याच रस्त्यावर. विजेवरची गाडी घरी रात्री चार्ज करून एवढे अंतर आरामात कापते.

तपासायचे ते मागच्या सीटवर. उतरते छत दिसायला सुरेख, पण बसताना डोके वाकवावे लागते आणि आजीच्या गुडघ्यांना ते झेपेल का हे आजीलाच बसवून पाहावे. शोरूममध्ये मुलगा पुढच्या सीटवर बसतो, स्क्रीन पाहतो आणि सौदा होतो. नागपूरच्या दवाखान्यात जाताना मागे कोण बसणार, त्याने बसून पाहायला हवे. मोठ्या चाकांचे पातळ टायर खड्ड्यात लवकर फाटतात, आणि तसा टायर आपल्या गावात लगेच मिळत नाही. दोन दारांची खरी कूपे तर चार माणसांच्या घरात दुसरी गाडी म्हणूनच परवडते.

किमतीत 22 सप्टेंबर 2025 पासून फरक पडला. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल कारही 18 वर आल्या. त्याहून मोठ्या कारवर 40 टक्के, पण वरचा सेस गेला. विजेवरच्या गाड्यांवर 5 टक्के कायम. म्हणजे कर्व्ह किंवा बसॉल्ट पेट्रोलची घेतली तर 40 च्या खान्यात, कर्व्ह किंवा बीई 6 विजेची घेतली तर 5 च्या. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापारी सदस्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे: धंद्याच्या मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, घरच्या कारवर नाही. शेतकऱ्याला याचा उपयोग नाही.

खेपा मोजून पाहा

पाच एकर संत्र्याची बाग धरा. झाडे सहा-सहा मीटरवर असतील तर एकरी साधारण 110, म्हणजे 550 झाडे. चांगल्या वर्षी झाडामागे 50 किलो धरले तर साडेसत्तावीस टन. दीड टनाच्या पिकअपला अठरा-एकोणीस खेपा. ऐकायला पुष्कळ वाटते. पण आपल्याकडे किती जण संत्रा स्वतः वाहून नेतात? बहुतेक बागा व्यापारी झाडावरच घेतो, तोडही त्याची आणि गाडीही त्याची. मग पिकअपला उरते काय? खताच्या दोन-तीन खेपा, फवारणीची टाकी, पाइप, कधी जनावर, कधी सिमेंट. वर्षातले वीस-पंचवीस दिवस. उरलेले तीनशे चाळीस दिवस ती गाडी घरची कार म्हणून फिरते, आणि तिथेच माणसे डाल्यात चढतात.

उलट जो स्वतः तोड करून कळमन्याला किंवा पांढुर्ण्याच्या मंडीत माल नेतो, शेजाऱ्यांचाही माल भाड्याने वाहतो, उन्हाळ्यात भाजी आणि पावसाळ्यात खत नेतो, त्याची पिकअप वर्षात दीडशे-दोनशे दिवस कमावते. त्याने ती जरूर घ्यावी, परमिट काढून, पूर्ण विम्यासह. ती त्याची बंडी आहे, आणि घरच्यांसाठी जुनी का होईना, एक लहान कार वेगळी ठेवावी.

आमचे मत विचाराल तर आपल्या बहुतेक सदस्य घरांसाठी उत्तर असे आहे: चार दारांची, मागे आजी नीट बसेल अशी कार घ्या, मग ती कूपेच्या छताची असो की साध्या, आणि मालाच्या दिवसांत पिकअप भाड्याने सांगा. भाड्याच्या गाडीचा फिटनेस, परमिट आणि विमा ही तिच्या मालकाची डोकेदुखी. वर्षभर एका वहीत लिहून ठेवा, माल वाहायला गाडी किती दिवस लागली आणि भाडे किती गेले. ते भाडे पिकअपच्या वर्षाच्या हप्त्यांहून आणि विम्याहून जास्त निघाले, तर पुढच्या दसऱ्याला पिकअप घ्या. कर्ज घेताना हप्त्यांचे वेळापत्रकही बँकेत बोलून पाहा. ट्रॅक्टरला सहामाही हप्ते मिळतात, कारला बहुधा महिन्याचे, आणि संत्र्याचा पैसा काही महिन्याला येत नाही.

एक शेवटची सूचना नागपूर-पुण्याला राहणाऱ्या मुलांसाठी. सौंसरला घेतलेली, एमपी 28 च्या पाटीची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंद करावी लागते, आणि तिथे एमएच पाटीवर घेतलेली गाडी वडिलांसाठी इकडे कायमची ठेवली तर तोच नियम इकडे लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी हवी, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्रही. गाडी कुठे राहणार हे आधी ठरवून तिथल्याच पत्त्यावर नोंदणी केली तर ही धावपळ वाचते.